आयर्विन पुलावर ४० फूट झाले की बाबांना हलवा: सांगलीच्या महापुराबद्दल एका मुलीला उत्तर

प्रश्न पुण्याहून एका ताईंनी विचारला आहे. वडील ७४ वर्षांचे. सांगलीच्या गावभागात वडिलोपार्जित घरात एकटेच राहतात. २००५ च्या पुरात पाणी बाहेरच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं. २०१९ ला घरात कमरेपर्यंत आलं, २०२१ ला उंबरा ओलांडून आत शिरलं. तरी बाबांचं म्हणणं असं की २०१९ हा काही खरा पूर नव्हता, धरणवाल्यांची चूक होती, आणि हवामानबदल ही चूक झाकायची सबब आहे. ताईंचे प्रश्न तीन: बाबांचं खरं आहे का, घर विकून टाकावं का, आणि पावसाळ्यात बाबांना नेमकं कधी हलवावं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचं वाचायला वेळ मिळो न मिळो. सांगलीत कृष्णेची पातळी जिथे मोजतात त्या आयर्विन पुलावर ४० फूट झाले, पाणी चढतंय आणि वर कोयना-महाबळेश्वरच्या बाजूला पाऊस सुरू आहे, एवढं जुळलं की त्याच दिवशी, उजेड असताना, बाबा घराबाहेर पडले पाहिजेत. ४० ही इशारा पातळी आहे, ४५ ही धोका पातळी. ४५ ची वाट बघायची नाही. कारण पुढे सांगतो.

मी पाटबंधारे खात्यात, म्हणजे आताच्या जलसंपदा विभागात, एकतीस वर्षं काढली. त्यातले बरेच पावसाळे पूर नियंत्रण कक्षातल्या फोनशेजारी गेले. निवृत्तीनंतरही २०१९ आणि २०२१ ला कक्षात जाऊन बसलो, कारण जुना माणूस म्हणून बोलावणं आलं होतं. त्यातली २०१९ ची एक रात्र माझ्या मनातून जात नाही. ऑगस्टचे पहिले दिवस होते. एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. पाणी अंगणात आलंय, बायको मधुमेहाची रुग्ण आहे, आत्ता निघू की सकाळी, असं ते विचारत होते. मी म्हटलं, तुमच्याकडे २००५ ला कुठवर होतं? ते म्हणाले, ओट्यापर्यंत. मग सकाळी निघा, मी सांगितलं, त्याच्या फार वर काही जाणार नाही. सकाळपर्यंत त्यांच्या गल्लीत बोटीशिवाय जाता येत नव्हतं. दोन रात्री ते दोघं गच्चीवर होते. इन्सुलिन खालच्या फ्रीजमध्ये होतं आणि फ्रीज पाण्याखाली. माणसं वाचली. पण मी ज्या आकड्यावर सल्ला दिला तो माझ्या डोक्यातला चौदा वर्षांपूर्वीचा आकडा होता, त्या रात्री नदीत असलेल्या पाण्याचा नव्हता.

त्या आठवड्यात सांगलीत, शिरोळात, कोल्हापुरात हजारो घरांनी नेमकं हेच केलं. २००५ ची खूण भिंतीवर होती. कुणी ती रंगाने आखून ठेवली होती, कुणी नुसती लक्षात ठेवली होती. लोकांनी धान्याची पोती, गाद्या, टीव्ही, मुलांची दप्तरं त्या खुणेच्या वर एक फूट ठेवली आणि निश्चिंत झाले. २००५ ला आयर्विन पुलावर पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, २०१९ ला ५७ च्याही पुढे. चार फुटांचा फरक कागदावर छोटा दिसतो, घरात तो माणसाच्या कमरेएवढा असतो. तुमच्या घरात तो तसाच आला.

आता बाबांच्या पहिल्या मुद्द्याकडे येतो. धरणांचा काहीच दोष नाही असं मी म्हणणार नाही. आपली धरणं सिंचनासाठी आणि विजेसाठी बांधली आहेत. पूर अडवण्यासाठी वेगळी रिकामी जागा राखून ठेवायची, अशी त्यांची रचना नाही. पावसाळा संपताना धरण भरलेलं हवं, नाहीतर पुढचं वर्ष शेतकऱ्याला जड जातं, हा दबाव दरवाजे हाताळणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यावर असतो. त्यामुळे ऑगस्ट उजाडताना धरणं जवळपास भरत आलेली असतात, आणि मग मोठा पाऊस आला की येईल तेवढं पाणी खाली सोडण्याशिवाय हातात काही उरत नाही. २०१९ मध्ये हे झालं. जुलैत थोडं आधीपासून सोडत गेलो असतो तर पुराचा माथा काही प्रमाणात कमी झाला असता, हे माझं प्रामाणिक मत आहे.

पण किती कमी झाला असता, याचा हिशोब बाबांनी एकदा कागदावर करून बघावा. अवघड नाही. नदीतून दिवसभर ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं. म्हणजे एक लाख क्युसेकची आवक दिवसभर टिकली तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी धरणात येतं. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे. समजा, शहाणपणाने तिच्यात २० टीएमसी जागा रिकामी ठेवली. एक लाख क्युसेकच्या आवकेला ती जागा सव्वादोन दिवस पुरते. २०१९ चा पाऊस सव्वादोन दिवसांत थांबला नव्हता. दुसऱ्या बाजूने बघा. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्यावर सरसकट १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला तर तीन टीएमसीच्या वर पाणी होतं. आता २२-२३ जुलै २०२१ आठवा. महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. सगळ्या पाणलोटावर तेवढा पडत नाही हे खरं, पण निम्मा जरी पडला तरी एका दिवसात नऊ-साडेनऊ टीएमसी.

आणि हे झालं फक्त धरणाच्या वरच्या पाण्याचं. सांगलीला येणारं बरंचसं पाणी कुठल्याच धरणात अडत नाही. धरणाच्या भिंतीपासून खालचा सगळा मुलूख, कराडचा प्रीतिसंगम ते सांगली, त्यात येणारे ओढे-नाले, वारणेच्या खोऱ्याचा खालचा भाग, याला आम्ही मुक्त पाणलोट म्हणतो. तिथे पडलेला पाऊस थेट नदीत. त्यावर दरवाजा नाही, चावी नाही. अशा वेळी वर धरणाचे दरवाजे पूर्ण बंद ठेवले तरी खाली पूर येऊ शकतो. कोल्हापूरच्या लोकांना तर हे अंगवळणी पडलंय. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही.

खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणामुळे आपलं पाणी तुंबतं त्याचं काय, हा प्रश्न बाबा विचारणारच, सांगलीत प्रत्येक कट्ट्यावर विचारला जातो. २०१९ नंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. २०२० मध्ये तिने अहवाल दिला, आणि २०१९ च्या पुराला अलमट्टी किंवा तिकडचाच हिप्परगी बंधारा थेट जबाबदार नाहीत असं म्हटलं. अनेकांना ते पटलं नाही, आजही पटत नाही. माझं मत समितीच्या बाजूचं आहे, पण एक पुस्ती जोडून: अलमट्टी सध्या ५१९.६० मीटरपर्यंत भरतं, ते ५२४.२५६ मीटरपर्यंत भरायचा कर्नाटकचा प्रयत्न ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला होणारा विरोध मला रास्त वाटतो. जे आज घडलेलं नाही ते उद्या घडू नये म्हणून भांडावं, पण त्या भांडणात काल काय घडलं हे विसरू नये.

खरी अडचण सांगलीच्या खाली, नदीच्या स्वभावात आहे. घाटातून धावत आलेली कृष्णा इथे सपाट मुलखात येते. उतार फार कमी. हरिपूरला वारणा मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा. पंचगंगेला पूर असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. त्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण रस्त्यांचे उंच भराव घातले, पुलांच्या दोन्ही बाजू मातीने भरल्या, ओढ्यांवर प्लॉट पाडले. पूर्वी पाणी पसरायला जागा होती. शामरावनगरसारखा सखल, काळ्या मातीचा भाग पाणी धरून ठेवायचा, आता तिथे घरं आहेत. म्हणून सांगलीचा पूर चढतो वेगाने आणि उतरतो रडतखडत. आठ-आठ दिवस पाणी घरात राहतं, आणि खरं नुकसान तेच करतं. भिंत भिजून फुगते, उसाचा शेंडा बुडून सडतो, विहिरींत मैला जातो.

आता हवामानबदल. बाबा त्याला सबब म्हणतात. मी त्यांचा राग समजू शकतो, कारण काही अधिकारी आणि पुढारी तो शब्द खरंच सबब म्हणून वापरतात. स्वतः दिलेल्या बांधकाम परवानग्या झाकायला आभाळाकडे बोट दाखवतात. पण शब्दाचा गैरवापर होतो म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

हवा एक अंश तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हे साधं भौतिकशास्त्र आहे, त्यात मतभेद नाहीत. आपल्या पावसाची वाफ येते मुख्यतः अरबी समुद्रावरून, आणि अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात, १९५० ते २०१५ या काळात, मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं त्यांना दिसलं. एकूण मोसमी पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. म्हणजे पाऊस तेवढाच किंवा कमीच, पण तो थोड्या दिवसांत घाऊक पडतो आणि मधले दिवस कोरडे जातात. शेतकऱ्याला हे अभ्यासाशिवायच माहीत आहे. जुलैत पेरणी वाळते आणि ऑगस्टात शेत वाहून जातं, एकाच वर्षी.

२०१९ चा पूर हवामानबदलामुळेच आला, असं मी म्हणत नाही. एकेका पुराबद्दल तसं म्हणता येत नाही, आणि म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. मी म्हणतो ते एवढंच, की नदीच्या पात्राचं आणि पुराचं आमचं सगळं गणित जुन्या पावसाच्या नोंदींवर उभं आहे, आणि पाऊस आता त्या नोंदींसारखा वागत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली, आणि सगळे म्हणाले असा पूर आयुष्यात एकदाच. दोनच वर्षांनी, २०२१ ला, ती त्याच्याही वर गेली. त्याच जुलैच्या त्याच दोन-तीन दिवसांत चिपळूण बुडालं, महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावात दरडींखाली माणसं गेली. एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक. ही सगळी गावं नकाशावर मांडली तर एकाच सह्याद्रीच्या दोन उतारांवर, एकाच ढगाखाली येतात.

इथे पूररेषांबद्दल सांगायला हवं, कारण घर विकायचं की नाही हे त्यावर ठरतं. आपल्याकडे नदीला दोन रेषा आखतात. निळी साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांच्या मधलं नियंत्रित. लोक ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकतात आणि समजतात की एकदा येऊन गेला, आता नातवंडांना काळजी. अर्थ तसा नाही. अर्थ असा, की दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे, गेल्या वर्षी आला असला तरीही. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर तो निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सव्वीस होते. निळ्या रेषेवरचं घर असेल तर पंचवीस वर्षांत शंभरात चौसष्ट. आणि ही आकडेमोड जुना पाऊस धरून केलेली. नव्या पावसात या रेषा नदीपासून लांब सरकायला हव्यात, म्हणजे आज लाल रेषेच्या बाहेर समजलेली काही घरं खरं तर आत आहेत. हे बोलून दाखवलं की बिल्डर चिडतात, घरमालक चिडतात, नगरसेवकही चिडतात. मी नोकरीत असताना रेषांच्या नकाशावरून झालेल्या बैठकांमध्ये माझ्यावर जितका आवाज चढला तितका कधीच चढला नाही.

माणसांचं काय होतं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण वर्तमानपत्रात आकडा येतो आणि दोन दिवसांत जातो. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावची बोट उलटली आणि सतरा जण बुडाले, बाया, म्हातारी माणसं, लेकरं. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. का बसली? बोटी कमी होत्या, आणि सगळी एकदम निघाली होती. सगळी एकदम का निघाली? कारण शेवटपर्यंत कुणीच निघालं नव्हतं. ही माणसं बेफिकीर नव्हती. गोठ्यात म्हैस होती, शेळी व्यालेली होती, छावणीत जनावराला जागा मिळेल का याचा भरवसा नव्हता. कृष्णाकाठचा माणूस जनावर बांधलेलं टाकून निघत नाही, दावं कापून सोडून दिलं तरी मागे वळून बघत बसतो. जनावरांची सोय आधी झाली तर माणसं वेळेत निघतात, हे मी प्रत्येक आढावा बैठकीत सांगत आलो. बोटी वाढवायला पैसे मिळतात, कडब्याला आणि उंचावरच्या शेडला मिळत नाहीत.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची गोष्ट कोल्हापूरकडच्यांना ठाऊक आहे. १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला त्यांच्या पुनर्वसनासाठी जागा दिली गेली. तरी गावं पूर्ण हलली नाहीत. बाहेरचा माणूस म्हणतो, हट्टी लोक. पण मळीची जमीन इथे, ऊस इथे, पहाटे धार काढायची ती म्हैस इथे. नुसता घराचा प्लॉट देऊन गाव हलत नसतं. जगण्याची सगळी साखळी हलवावी लागते, आणि ते काम कुठल्याच योजनेत बसत नाही.

सांगलीतच बघा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोडचा भाग, इथे पाणी सगळ्यात आधी शिरतं. तिथली बरीच कुटुंबं भाड्याने राहतात. दर मोठ्या पावसाळ्यात महापालिकेच्या शाळेत जायचं, परत यायचं, चिखल उपसायचा. पंचनामा होतो तो घराचा, दुकानाचा, सातबाऱ्यावरच्या पिकाचा. भाडेकरूचं कपाट, दुकानातल्या नोकराचा बुडालेला महिन्याचा पगार, वाट्याने शेत केलेल्याचा ऊस, हे त्या कागदात कुठे येत नाही. मालकाला थोडी मदत मिळते, राहणाऱ्याला कर्ज. २००५, २०१९, २०२१ अशा तीन पुरांत तीनदा संसार उभा करणारी बाई मला माहीत आहे. चौथ्यांदा भांडी घ्यायची ताकद आता नाही, म्हणून ती कायमची माहेरी गेली. अशा माणसांची मोजदाद कुठल्याच यादीत नाही.

आणि नृसिंहवाडी. तिथे पाणी दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्या पाण्यात स्नान करतात. कोल्हापुरात पंचगंगेची मच्छिंद्री झाली, म्हणजे पाणी शिवाजी पुलाच्या ठरावीक खुणेपर्यंत चढलं, की पुलावर बघायला गर्दी होते. आपलं नदीशी नातं असं आहे. ती घरात येणं हे आपल्याला परकं नव्हतं, तिचं येणं ओळखीचं होतं. माझी आजी म्हणायची, नदी माहेराला आली. गेल्या वीस वर्षांत ती ओळख मोडली, याचं मला खरंच दुःख आहे. बाबांच्या हट्टातही मला तेच दिसतं. ते नदीला पन्नास-साठ वर्षं ओळखतात. त्यांना भित्रे किंवा अडाणी समजू नका. त्यांची माहिती खरी होती, फक्त ती ज्या पावसाची होती तो पाऊस आता राहिलेला नाही.

तर बाबांशी बोलताना हवामानबदलावर वाद घालू नका, तो जिंकून उपयोग नाही. आकड्यांवर बोला. तुमच्याच लिहिण्यावरून तुमच्या घराचा उंबरा साधारण ५४ फुटांवर पडतो: २००५ ला ५३ च्या पुढे असताना दुसरी पायरी, २०२१ ला ५४ च्या वर गेल्यावर उंबरा ओलांडला. बाबा म्हणतील, मग ५२ झाले की निघतो. इथेच सगळे चुकतात. घराचा आकडा ५४ असेल, पण रस्त्याचा आकडा त्याच्या कितीतरी खाली असतो. गल्लीचं तोंड, पुढचा चौक, मारुती चौकाकडचा रस्ता, हे सगळं घरात पाणी यायच्या आधी बुडतं. घर कोरडं असतं आणि बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. महापालिका कुठल्या फुटाला कुठला भाग पाण्याखाली जातो याची यादी दर वर्षी जाहीर करते. ती मागून घ्या आणि गावभागातून बाहेर पडायचा शेवटचा रस्ता कुठल्या आकड्याला बंद होतो ते शेजाऱ्यांना विचारून खात्री करा. तो तुमचा खरा आकडा. पाऊस जोरात असला की पुलावर दिवसाला चार-पाच फूट पाणी चढतं, मी सहा-सात फूट चढलेलंही पाहिलंय. म्हणून ४०. चाळीसला निघालेला माणूस रिक्षाने जातो, पन्नासला निघालेला बोटीने, आणि बोट येईल तेव्हा.

कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला साधारण एक दिवस तरी जातो. म्हणजे कोयनेचा विसर्ग एकदम वाढवल्याची बातमी आली की तुमच्या हातात तेवढा वेळ असतो. पण मुक्त पाणलोटातल्या पावसाला हा हिशोब लागू नाही, ते पाणी आधी येतं. अफवांवर जाऊ नका, ‘धरण फुटलं’ हा निरोप प्रत्येक पुरात फिरतो आणि प्रत्येक वेळी खोटा निघतो. २०२१ च्या पावसाळ्याआधीपासून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात विसर्गाबाबत समन्वय पूर्वीपेक्षा बरा आहे, आणि पातळीचे आकडे नियमित जाहीर होतात. तेच बघा.

घर विकू नका, निदान घाईने नको. पुरानंतरच्या वर्षात भाव पाडून मागणारे लोक असतात, त्यांच्या हाती वडिलोपार्जित घर जायला नको. माझा सल्ला असा: १५ जुलै ते ऑगस्टअखेर बाबांनी सांगलीतल्याच विश्रामबागेत राहावं. तो भाग उंच आहे. पाहुण्यांकडे नको, तिथे त्यांना परकं वाटेल आणि चार दिवसांत परत जातील. छोटी खोली भाड्याने घ्या, त्यांचा रेडिओ, त्यांचा चहाचा कप, देवघरातला एक देव सोबत न्या. दिवसा गावभागात जाऊन घर बघून यायला काहीच हरकत नाही. २००५, २०१९, २०२१ तिन्ही मोठे पूर जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच्या काळातले आहेत. पुढचेही त्यातच येतील याची हमी मी देणार नाही, पण सुरुवात तिथून करा.

घरासाठी करायच्या गोष्टी मोजक्याच. विजेचा मुख्य बोर्ड आणि मीटर २०१९ च्या खुणेच्या निदान तीन फूट वर घ्या, पुरात विजेच्या धक्क्याने जाणारी माणसं टाळता येण्यासारखी असतात. निघताना मेन स्विच आणि गॅस बंद. घराची कागदपत्रं, सातबारा, बाबांच्या औषधांची चिठ्ठी आणि महिन्याची औषधं एका प्लास्टिक डब्यात, तो डबा विश्रामबागेतच. गृहविमा काढला असेल तर त्यात पुराचं नुकसान धरलंय का ते शब्द वाचून बघा, मराठीत समजावून मागा, सही नंतर. जूनमध्ये प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी ते लागतात.

पाणी उतरल्यावर बाबा आधी साफसफाईला धावतील, त्यांना थांबवा. त्या चिखलात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पायाला चीर असली तर धोका जास्त. गमबूट, हातमोजे, आणि आत जायच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळ्या. कपाटं उघडताना काठीने आधी ठोका, साप वर चढून बसलेले असतात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकून तपासल्याशिवाय पिऊ नका, आणि २०१९ ला कोल्हापुरात उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे शहराला पाणी मिळालं नव्हतं हे लक्षात ठेवून चार दिवस पुरेल इतकं पिण्याचं पाणी आधीच भरून ठेवा.

येत्या रविवारी सांगलीला जाणार असाल तर मोजायची टेप घेऊन जा. भिंतीवरची २०१९ ची खूण उंबऱ्यापासून किती वर आहे ते बाबांनाच मोजायला सांगा आणि आकडा त्यांच्या हाताने वहीत लिहून घ्या. आणि जिन्याखालचा इन्व्हर्टर तेव्हाच वरच्या मजल्यावर हलवा.